चेंडूचं माप

असं समजा, की तुमच्या हातात एक चेंडू आहे. छोट्या कलिंगडाएवढा, पण आत नुसती हवा. आता तुम्ही ज्या खोलीत बसला आहात, तिच्या छताकडे बघा. चेंडू वर फेकायचा, पण छताला लावायचा नाही. लागला तर तुम्ही हरलात. फेकलात? पुन्हा फेका. दहा-वीस वेळा फेका. थोड्या वेळाने तुमच्या लक्षात येईल, की आता छताकडे बघावंही लागत नाही. किती जोर लावायचा ते हाताला आपोआप कळतं. हात फार लवकर शिकतात, आणि शिकलेलं सहजासहजी सोडत नाहीत. तो चेंडू जवळच ठेवा. गोष्टीत मध्येच लागेल.

एका कॉलेजात मुलींचा व्हॉलीबॉलचा संघ होता. कॉलेजला मोठा हॉल एकच, आणि त्यावर हक्क मात्र सगळ्यांचा. परीक्षा आल्या की तिथे बाकं लागायची. संध्याकाळी नाटकाच्या तालमी. मधल्या वेळात बॅडमिंटन. जमिनीवर चार खेळांच्या चार रंगांच्या रेघा अशा एकमेकींत घुसलेल्या, की नवीन मुलगी पहिला आठवडाभर आपलं कोर्ट कुठलं तेच शोधत राहायची. व्हॉलीबॉलच्या मुली रोज खांब उभे करायच्या, नेट बांधायच्या, दीड तास खेळायच्या आणि नाटकवाले दारात खोकायला लागले की सगळं सोडून गुंडाळून ठेवायच्या. त्यातून हॉलचं छत बुटकं. मधोमध एक जाडजूड तुळई. तिला चेंडू लागला की गुण गेला.

या मुलींना खेळ शिकवायची एक आत्या. ती ज्या मुलीची आत्या होती, ती मुलगी या गोष्टीतलं मुख्य माणूस. वय वर्षं दहा. तिचे बाबा शिंपी होते आणि त्यांची एक जुनी मोजपट्टी कायम हिच्या गळ्यात असायची. जिने मोजून झाले, खिडक्या मोजून झाल्या, मांजराची शेपटी मोजताना एकदा ओरबाडून घेऊनही झालं. म्हणून घरात, दुकानात आणि कॉलेजात सगळे तिला मोजपट्टीच म्हणायचे.

आत्या बावीस वर्षं एकच मागणी करत होती: आमच्या मुलींना त्यांचा स्वतःचा हॉल द्या. नुसता व्हॉलीबॉलचा. जेवताना बाबा तिला चिडवायचे.

"ताई, तुझ्या हॉलचं लग्न कुठवर आलं?"

"स्थळं बघतेय," आत्या म्हणायची. "सगळ्यांना मुलगी पसंत आहे, खर्च कुणालाच पसंत नाही."

पण एके वर्षी ते जमलं. प्राचार्यांनी मैदानाच्या कडेची जागा दिली, कॉलेजने अर्धा खर्च उचलला आणि उरलेला तुम्ही उभा करा म्हणून सांगितलं. आत्याने बावीस वर्षांतल्या सगळ्या जुन्या खेळाडूंना पत्रं लिहिली. त्यांतली एक डॉक्टर झाली होती, एक बस चालवत होती, एकीची बेकरी होती, दोघी-तिघी शिक्षिका. हॉलमध्ये बसायला तीनशे चाळीस निळ्या खुर्च्या येणार होत्या. जी एका खुर्चीचा खर्च देईल तिचं नाव त्या खुर्चीच्या पाठीवर. वर्षभरात सगळ्या खुर्च्यांना नावं मिळाली.

मग आर्किटेक्टकाकांनी आत्याला विचारलं, "मॅडम, छत किती उंच लागेल? प्रत्येक फुटाला खर्च आहे. उगाच वाढवायला नको."

आत्या अंदाजपंचे उत्तर देणारी बाई नव्हती. तिने जुन्या हॉलच्या भिंतीवर शिडी लावून दर फुटाला एक रंगीत पट्टी चिकटवली. मोजपट्टीला समोरच्या पायऱ्यांवर बसवलं, हातात वही दिली. मुली खेळायच्या, चेंडू उडायचा, आणि तो ज्या पट्टीपर्यंत गेला त्या रकान्यात मोजपट्टी एक रेघ मारायची. पाच दिवस. एक हजार एकशे बारा रेघा. सर्वांत उंच गेलेला चेंडू एकोणीस फूट, तोही चारदाच.

आर्किटेक्टकाकांनी वही उलटसुलट करून बघितली. "मी इतकी वर्षं इमारती बांधतोय, असं माप मला कुणी दिलं नाही. कुणी घेतलं हे?"

"हिने," आत्या म्हणाली. मोजपट्टीची मान दोन इंच वर गेली. तिने ती मोजली नाही, एवढंच.

काकांनी वही आपल्या फायलीला टाचली. "नियमाच्या पुस्तकात कमीत कमी तेवीस फूट सांगितलंय. तुमचा चेंडू एकोणीसच्या वर जात नाही. आपण पंचवीस करू, सढळ हाताने."

सगळे खूश झाले. तुम्हीही झाला असाल, तर थोडं थांबा.

एका शुक्रवारी आत्या सगळ्या संघाला नव्या हॉलची जागा दाखवायला घेऊन गेली. तिथे अजून काही नव्हतं. सपाट केलेली जमीन, खांबांसाठी खणलेले खड्डे, एका बाजूला वाळूचा ढीग आणि लोखंडी सळ्यांची रास. सळ्या कापायला सोमवारी माणसं येणार होती. खांब पंचवीस फुटांचे, तेव्हा सळ्याही त्या मापाच्या. एकदा कापल्या की कापल्या.

जमिनीवर चुन्याने कोर्ट आखलेलं होतं. एकाच रंगाच्या रेघा! मुली लगेच त्यात शिरल्या. नेट नव्हतं, पण चेंडू होता. संघात एक ठेंगणी, चपळ मुलगी होती, तिला सगळ्या खारूताई म्हणायच्या. नेटजवळ उभं राहून दुसऱ्यांना मारायला सोपा चेंडू उचलून द्यायचा, हे तिचं काम. कुणीतरी दूर मारलेल्या चेंडूखाली ती धावत गेली, दोन्ही मनगटं जोडली, आणि चेंडू वर गेला.

मोजपट्टी सवयीने मोजायला लागली. भिंतीवर पट्ट्या नव्हत्या, भिंतच नव्हती, म्हणून ती बाबांसारखं मोजू लागली. कापडावर इस्त्री किती वेळ ठेवायची ते बाबा असं मोजायचे: एक टाका, दोन टाके. जुन्या हॉलमध्ये खारूताईचा चेंडू दोन टाक्यांत खाली यायचा. दर वेळी. आता तिने म्हटलं, "एक टाका, दोन टाके, ती..." आणि चेंडू अजून यायचाच होता.

तिने पुन्हा मोजलं. दुसऱ्या मुलीचा मोजला. दर वेळी तसंच.

"मी चुकतेय का?" तिने स्वतःला विचारलं. पण कुठे चुकतेय ते तिला सापडेना. रात्रभर नाही, पण झोप लागेपर्यंत तिने त्यावर विचार केला. मग झोप लागली.

शनिवारी शाळा लवकर सुटायची. ती दुकानात बसून बटणं रंगाप्रमाणे वेगळी करत होती. तेवढ्यात एक गृहस्थ शर्ट शिवायला आले. बाबा टेप घेऊन पुढे झाले तसं त्यांनी पोट आत घेतलं, खांदे आवळले आणि श्वास रोखून उभे राहिले. बाबांनी टेप पुन्हा गळ्यात टाकली.

"काय झालं?" गृहस्थ श्वास रोखूनच म्हणाले.

"साहेब, माझ्या दुकानात पोट आत घ्यायचं नाही. मी इथल्या पोटाचा शर्ट शिवीन आणि तुम्ही तो घरच्या पोटावर घालाल. मग बटण तुटणार आणि शिव्या मला."

गृहस्थ हसले. हसताना पोट सुटलं.

"हां, असं. सैल उभे राहा. श्वास सोडा." बाबांनी चटकन माप घेतलं. मग मोजपट्टीकडे वळून म्हणाले, "लक्षात ठेव. अंग चोरून उभ्या राहिलेल्या माणसाचं माप कितीही नीट घे, ते चूकच."

मोजपट्टीच्या हातातली बटणं खाली सांडली. पांढरी काळ्यांत गेली, काळी निळ्यांत.

"अगं, अगं!"

"बाबा, मी येते."

"ही बटणं कोण उचलणार, तुझी आत्या?"

पण ती फार लांब गेली नाही. दुकानाच्या पायरीवर बसली. चूक कळली होती, आता ती सांगायची होती. सांगितलं तर तिची वही खोटी ठरणार. आर्किटेक्टकाकांनी फायलीला टाचलेली, तिची पहिली खरी वही. आणि आत्या? आत्याने सगळ्यांना सांगितलं होतं, की माप अगदी पक्कं आहे. उंची वाढवायची म्हटली तर कदाचित हॉलच राहून जाईल. नाही सांगितलं तर सोमवारी सळ्या कापल्या जातील. मग आत्याच्या मुलींना नवा हॉल मिळेल, पण छताला भिऊन खेळणं सुटणार नाही. तिने मोजपट्टी बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. मग आत जाऊन बटणं उचलली, आणि घरी गेली.

आत्या व्हरांड्यात ओल्या फडक्याने चेंडू पुसत बसली होती.

"आत्या, आपण माप चुकीचं घेतलं."

"कशाचं?"

"चेंडूचं. तो अंग चोरून उडत होता."

"बाळा, अकराशे वेळा मोजलंय आपण."

"अकराशे बारा. पण सगळे त्या तुळईखाली. तुळईला लागला की गुण जातो ना? म्हणून ताया तो वर जाऊच देत नाहीत. त्यांना कळतही नाही. काल मैदानावर खारूताईचा चेंडू तीन टाके वर होता. हॉलमध्ये दोनच असतो."

आत्याचा हात थांबला. मग ती उठली, फडकं बादलीत टाकलं आणि आत निघून गेली. मोजपट्टीला वाटलं, आत्या रागावली. तेवढ्यात आतून फोनवर बोलल्याचा आवाज आला, "खारे, आहेस कुठे? आत्ताच्या आत्ता मैदानावर ये. नाही, बूट नसले तरी चालतील."

ऊन उतरायला अजून वेळ होता. मैदानावर तिघीच. आत्या चेंडू फेकायची, खारूताई मनगटांवर घेऊन उडवायची, मोजपट्टी मोठ्याने मोजायची. आधी आत्या नुसती बघत होती. मग तीही टाके मोजायला लागली. विसाव्या चेंडूनंतर ती वाळूच्या ढिगावर जाऊन बसली.

"बावीस वर्षं मी ओरडतेय, चेंडू वर काढा, वर काढा. आणि वर जागाच नव्हती."

"मॅडम, असू दे हो," खारूताई म्हणाली.

"असू दे कसं? बाहेरच्या मोठ्या हॉलमध्ये गेलं की तुम्ही बावचळता, उंच चेंडू तुम्हाला सापडत नाही. मी तुम्हाला काय काय बोलले. आळशी म्हणाले."

"झोपाळूही म्हणालात," खारूताई म्हणाली. "आणि एकदा पोती."

आत्या हसली, पण डोळे पुसून. मग तिने मोजपट्टीला जवळ ओढलं आणि वाळूवरच बसवून घेतलं. "माप दोघींनी घेतलं. चुकलं हे सांगायलाही दोघींनीच जायचं. येशील?"

सोमवारी सकाळी दोघी प्राचार्यांच्या खोलीत उभ्या होत्या. आर्किटेक्टकाकाही आले होते. सळ्या कापणारी माणसं बाहेर चहा पीत होती.

"मॅडम, पंचवीस फूट तुमच्याच मापाने ठरलं," प्राचार्य म्हणाले.

"हो सर. माझ्याच मापाने. ते चुकलं. बेचाळीस लागतील, मोठ्या सामन्यांच्या हॉलना असतात तेवढे."

"बेचाळीस!" प्राचार्यांनी चष्मा काढला. "व्हॉलीबॉल खेळायचाय की पतंग उडवायचाय?"

आर्किटेक्टकाकांनी फाईल उघडली आणि वहीवर बोट ठेवलं. "मग हे काय आहे?" ते मोजपट्टीला विचारत होते, आणि खरंच विचारत होते.

"ती वही बरोबर आहे," मोजपट्टी म्हणाली. "पण ती जुन्या हॉलची आहे. त्यात चेंडू किती वर जातो ते नाहीये. तुळई किती खाली आहे ते आहे."

काकांनी वहीकडे बघितलं, मग खिडकीतून बाहेरच्या सळ्यांकडे. "सर," ते हळूच म्हणाले, "पोरगी बरोबर बोलतेय. हे मलाच कळायला हवं होतं."

प्राचार्यांनी कपाळ चोळलं. "मग पैसे? एवढ्या उंचीच्या भिंती करायच्या तर खुर्च्या सोडाव्या लागतील. साध्या सिमेंटच्या पायऱ्या होतील. पण खुर्च्यांचे पैसे लोकांनी खुर्च्यांसाठी दिलेत, नाव लागणार म्हणून दिलेत. त्यांना विचारल्याशिवाय मी हात लावणार नाही. दहा दिवस काम थांबवतो. तेवढ्यात त्यांचं हो आलं तर बेचाळीस. नाहीतर पंचवीस, आणि पुन्हा विषय नाही."

दहा दिवस आत्या रोज लिहीत होती. पत्रं, फोनवर निरोप. तिने काही लपवलं नाही. सरळ लिहिलं, की माप मी चुकीचं दिलं, तुमच्या नावाची खुर्ची मी तुम्हाला देऊ शकणार नाही, त्याऐवजी छत उंच होईल, चालेल का? मोजपट्टी पाकिटं चिकटवायची. चिकटवून चिकटवून तिच्या जिभेला गोंदाची चव बसली.

पहिले तीन दिवस काहीच आलं नाही. बाबांनी चिडवणं बंद केलं, त्यावरून घरात सगळ्यांना कळलं की प्रकरण अवघड आहे.

मग उत्तरं यायला लागली. बेकरीवालीने लिहिलं, "मॅडम, चार वर्षांत तुम्ही मला कधी खुर्चीत बसू दिलंत? आताच कशाला बसवताय? पायरी चालेल." बस चालवणारीने लिहिलं, "माझं नाव खुर्चीवर नकोच होतं. त्यावर लोक बसणार." डॉक्टरीणबाईंचा निरोप एका ओळीचा होता: "तुळईला लागलेला माझा तो चेंडू मी अजून विसरले नाहीये. छत उंच करा." एकीने मात्र पैसे परत मागितले. तिने वडिलांचं नाव लावायला दिले होते. आत्याने ते त्याच दिवशी परत पाठवले, आणि बरोबर माफीचं पत्र.

दहाव्या दिवशी आत्या उत्तरांची पिशवी घेऊन प्राचार्यांकडे गेली. ते सगळं वाचत बसले नाहीत. दोन-चार वाचली, एकदा मोठ्याने हसले, आणि सळ्या कापणाऱ्यांना फोन लावला.

हॉल व्हायला वर्ष लागलं. बेचाळीस फूट मोकळं, मध्ये तुळई नाही, लाकडाची जमीन, तिच्यावर एकाच खेळाच्या रेघा. पहिल्या सरावाला आत्याने सगळ्यांना बोलावलं. सिमेंटच्या पायऱ्यांवर जुन्या खेळाडू येऊन बसल्या, प्राचार्य बसले, आर्किटेक्टकाका बसले, बाबा दुकान बंद करून आले. मोजपट्टी सगळ्यांत खालच्या पायरीवर, वही घेऊन.

आत्याने शिट्टी वाजवली. खेळ सुरू झाला.

आणि तुमच्याजवळ तो चेंडू अजून आहे ना? मग काय झालं ते तुम्हाला कळेलच. चेंडू खालीच राहिला. पहिला दोन टाके. दुसरा दोन टाके. वर बेचाळीस फूट हवा मोकळी पडलेली, आणि मुली खेळत होत्या जुन्या तुळईखाली. हॉल बदलला होता, हातांना कुणी सांगितलं नव्हतं.

"वर!" आत्या ओरडली. "अगं, वर काढा!"

मुलींनी मान हलवली, दात आवळले, खांदे आवळले. चेंडू आणखीनच खाली. पायऱ्यांवर कुजबुज सुरू झाली. प्राचार्यांनी चष्मा काढून पुसला. आत्याच्या तोंडातली शिट्टी गळून छातीवर लोंबत राहिली, आणि तिचा चेहरा बघून मोजपट्टीला राहवेना.

तिने बूट काढले. वही पायरीवर ठेवली. रेघ ओलांडून ती कोर्टात गेली आणि बरोबर मधोमध, नेटखाली, पाठ टेकून आडवी झाली.

"काय गं?" खारूताई म्हणाली. "ऊठ, चेंडू लागेल."

"तुम्हीपण झोपा."

मुली हसल्या. कुणीतरी म्हणालं, "पोती, पोती!" आत्या रागावणार होती, पण तिचं लक्ष मुलींच्या खांद्यांकडे गेलं. आवळलेले, अंग चोरलेले खांदे.

"झोपा," आत्या म्हणाली. "सगळ्या."

संघातल्या बाराही जणी लाकडी जमिनीवर आडव्या झाल्या. वर बघायला लागल्या. हॉल शांत झाला. छत खूप लांब होतं, आणि तिथपर्यंत मध्ये काहीच नव्हतं.

"बाई गं," खारूताई हळूच म्हणाली. "केवढं आहे."

"श्वास सोडा," मोजपट्टी म्हणाली. अगदी बाबांच्या आवाजात. पायरीवर बाबांनी चटकन तोंडावर हात धरला. "सैल. अजून सैल. पोट आत घ्यायचं नाही."

आता सगळ्याच हसल्या, पायऱ्यांवरच्यासुद्धा. हसत हसत मुली उठून उभ्या राहिल्या. मोजपट्टीने चेंडू उचलला आणि खारूताईकडे हलकेच फेकला. खारूताईने मनगटं जोडली. चेंडू वर गेला.

मोजपट्टी जिथे होती तिथेच उभी राहिली, मान मागे टाकून, दोन्ही हातांत गळ्यातल्या पट्टीची टोकं धरून, आणि मोठ्याने मोजू लागली.

"एक टाका... दोन टाके..."

मग ती एक पाऊल बाजूला सरली, चेंडू उतरायला जागा रिकामी केली आणि म्हणाली, "तीन."